विकत घेतलेल्या कुलपाची किल्ली कोणाकडे?



गळीत हंगाम, उसाचा भाव आणि तोडीची पाळी हे आपल्या जिव्हाळ्याचे विषय. संगणकाची गोष्ट काढली की पुष्कळ कास्तकार म्हणतात, "ते हापिसातल्या लोकाइचं काम, आपल्याले काय करायचं?" पण भाऊ, आज ऊस वावरातून निघाला की काटापट्टीपासून ऊसबिलापर्यंतचा हिशेब संगणकातच चढतो. शेअर्सचे खाते, कपाती, उचल, सारे तिथेच. म्हणून हा विषय हापिसाचा नाही, आपल्या घामाच्या पैशाचा आहे.

समजा, एखाद्या संस्थेने रोख पैसे मोजून हिशेबाचे सॉफ्टवेअर घेतले. बिल आहे, पावती आहे, सीडी कपाटात आहे. दहा-बारा वर्षे काम बिनबोभाट चालले. मग पावसाळ्यात वीज पडली आणि मशीन जळाली. नवी मशीन आणून त्याच सीडीवरून सॉफ्टवेअर चढवले, तर ते काम सुरू करण्याआधी परवाना मागते. याला म्हणतात अ‍ॅक्टिव्हेशन. मशीनच्या सुट्या भागांवरून एक नंबर तयार होतो, तो कंपनीकडे जातो आणि तिकडून उत्तर आले तरच कुलूप उघडते. मशीन बदलली की नंबर बदलतो. आणि कंपनीने तोवर ते सॉफ्टवेअर बंद करून टाकले असेल, तर उत्तर देणारा तिकडे कोणीच नसतो. पैसे आपले, सीडी आपली, आकडे आपले. किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात!

दुसरी तऱ्हा डोंगलची. मराठी छपाईच्या कित्येक सॉफ्टवेअरांना अशी कुलूपवजा डबी असायची. ती जुन्या संगणकाच्या प्रिंटरच्या खोबणीत बसे. नव्या संगणकाला ती खोबणच नाही. आणि त्या जुन्या फाँटात टाइप केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडला, तर मराठीऐवजी अगम्य खुणा दिसतात. वीस वर्षांचे अहवाल असे मुके होऊन पडतात.

येथे दोन गोष्टींची गल्लत करू नये. कंपनीने आधार काढून घेणे वेगळे आणि कुलूप न उघडणे वेगळे. विंडोज एक्स्पीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या दिवशी कोणाची मशीन बंद पडली नाही. नव्या दुरुस्त्या येणे थांबले, एवढेच. कंपनीने जन्मभर फुकट दुरुस्ती करावी, असे आमचे म्हणणे नाही. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, तेव्हा नवे हिशेब लिहायला नवे सॉफ्टवेअर लागलेच. पण जुने हिशेब वाचायला जुनेच लागते, हे कसे विसरता?

आपल्या भागातल्या कास्तकाराला हे सांगायला नको. देशी कपाशीची सरकी घरची होती; संकरित बियाणे आले आणि दरसाल दुकानाची पायरी चढणे आले. उत्पन्न वाढले हे खरे, पण हाती राहिलेली गोष्ट हातची गेली. उसाचे बरे आहे, एकदा लावला की खोडवा आपलाच. सॉफ्टवेअर घेताना आपण खोडव्याचा हक्क घेतो की एका पिकापुरतेच बेणे घेतो, हे आधी विचारायला हवे.

मनात आणले तर कंपनीला किल्ली देता येते. अ‍ॅडोबी कंपनीने आपल्या 'सीएस २' या २००५ सालच्या छपाई-चित्रकामाच्या सॉफ्टवेअरचे अ‍ॅक्टिव्हेशन बंद केले. तेव्हा रीतसर खरेदी केलेल्या ग्राहकांसाठी अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी प्रत खुली केली. एकाला जमते ते दुसऱ्यालाही जमावे.

कायदाही ग्राहकाला अगदी उघड्यावर टाकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची राखीव प्रत नुकसानीपासून बचाव म्हणून ठेवता येते. पण म्हणून कोणा पोराकडून चोरटी प्रत चढवून घेणे हा उपाय नव्हे. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३-ब खाली सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. शिवाय तिच्यासोबत व्हायरस आला तर सारा हिशेबच पाण्यात.

मग करावे काय? आमची नम्र सूचना अशी :

१) यापुढे सॉफ्टवेअर घेताना करारातच लिहून घ्यावे की, विक्री बंद झाली तरी किंवा कंपनी बुडाली तरी कायमची किल्ली संस्थेला मिळेल.

२) प्रत्येक सॉफ्टवेअरचे बिल, नंबर, सीडी व डोंगल यांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला असावी. ही माहिती एकट्या कारकुनाच्या डोक्यात राहू नये.

३) हंगाम संपला की सभासदवार हिशेब कोणत्याही मशीनवर उघडेल अशा साध्या रूपात काढावा आणि कागदावरही छापून ठेवावा. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा.

४) जुनी मशीन चालू आहे तोवरच तिच्यातील आकडे बाहेर काढावेत. तोपर्यंत तिला इंटरनेट जोडू नये आणि भंगारात तर मुळीच देऊ नये.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ ने सभासदाला संस्थेच्या दप्तरातील स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य पाहण्याचा हक्क दिला आहे. "सॉफ्टवेअर उघडत नाही," हे त्या हक्काला उत्तर होऊ शकत नाही. दप्तर कागदाचे असो की संगणकाचे, मालक सभासद आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या चार गोष्टींचा ठराव मांडावा, सभासदांनी तो उचलून धरावा आणि संचालक मंडळाने त्याची अंमलबजावणी करावी, एवढीच विनंती.

जय सहकार!