तंबूतल्या कामगाराचा वाली कोण?

विष्णुपंत छत्रे यांनी 1880 साली पहिली भारतीय सर्कस उभी केली. पुढे ती त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी सांभाळली. पुण्याचे दामू धोत्रे (1902–1973) बालवयातच मामांच्या सर्कशीत शिरले आणि हिंस्र पशूंचे शिक्षक म्हणून अमेरिकेपर्यंत पोचले. सर्कशीत कुटुंब हीच शाळा, हाच विमा आणि हेच निवृत्तिवेतन होते. त्याची किंमत मात्र अनेकदा लहान मुलांनी आपल्या श्रमाने मोजली.

ही व्यवस्था मोडली, हे योग्यच झाले. वाघ, सिंह, अस्वले, माकडे यांच्या खेळांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली उचलून धरली. 2011 साली बालकांना सर्कशीत राबविण्यास मनाई करण्याचा आदेश त्याच न्यायालयाने दिला. 2016 च्या कायदादुरुस्तीने करमणुकीच्या इतर क्षेत्रांत बालकलाकारांना सशर्त मुभा दिली. सर्कस त्यातून वगळली. परंतु कुटुंबाचा आधार सुटल्यावर प्रौढ कलावंताला कोणाचा आधार मिळाला? 2020 च्या टाळेबंदीत तंबू ओस पडले, तेव्हा अनेकांना लोकांच्या मदतीवरच दिवस काढावे लागले.

भिलाईच्या सेक्टर 10 सारख्या वसाहतींत पोलाद कामगाराला घर, शाळा, इस्पितळ लाभले, ते सार्वजनिक क्षेत्रामुळे आणि संघटनेच्या बळावर. झुल्यावर जीव टांगणाराही कामगारच आहे. केरळने वृद्ध सर्कस कलावंतांसाठी निवृत्तिवेतनाची तरतूद केली. सर्कशीची जन्मभूमी म्हणविणाऱ्या महाराष्ट्राने मागे का राहावे? अपघात विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन हे सर्कस कामगाराचे हक्क आहेत. कामगार चळवळीने ते आपल्या मागणीपत्रात घेतलेच पाहिजेत.