गोष्ट नेमकी कुठून सुरू करायची?

रामपूर नावाचे एक गाव होते. तिथे रामू नावाचा गरीब शेतकरी राहत होता. मराठीच्या पेपरात कथालेखनाचा प्रश्न सोडवायला बसलेली कितीतरी मुले याच गावातून निघतात. वाशिमजवळच्या रिसोडच्या मुलालाही ऐनवेळी रामपूरच आठवते. बाजार समितीकडे निघालेले सोयाबीनचे ट्रॅक्टर आणि पिंगलाक्षी देवीचे देऊळ वहीच्या बाहेरच राहतात.

यात मुलांचा दोष नाही. दहावीच्या मराठीत मुद्द्यांवरून, शीर्षकावरून किंवा अर्धवट दिलेल्या गोष्टीवरून कथा लिहायला सांगतात, हे चांगलेच आहे. पण वर्गात ‘सुरुवात आकर्षक असावी’ एवढेच फळ्यावर येते. ती आकर्षक कशी करायची, हे खडू हातात घेऊन फारसे कोणी करून दाखवत नाही. मुद्दे, परिच्छेद, तात्पर्य तपासले जाते आणि पहिले वाक्य तसेच सुटते.

‘आटपाट नगर होतं’ ही सुरुवात मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. तिथे ऐकणारी बाई हातात अक्षता धरून आधीच बसलेली असायची. तिला ओढून आणायची गरज नव्हती. कागदावरच्या गोष्टीला असा बसलेला श्रोता मिळत नाही. वाचणारा दुसऱ्या ओळीवर उठून जाऊ शकतो.

चिऊकाऊची गोष्ट पाहा. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. मग मोठा पाऊस येतो. घर कशाचे, हे कळले की कोणाचे वाहून जाणार हे तीन वर्षांच्या लेकरालाही उमगते आणि ते पुढे सरकून बसते. त्या दोन घरांतच सगळी गोष्ट भरून ठेवली आहे. वेगळी वाट हवी असेल, तर व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ची ‘बनगरवाडी’ आहे. कादंबरी उघडते तेव्हा तरुण मास्तर नव्या शाळेच्या गावाकडे पायी निघालेला असतो. गावाची माहिती आधी सांगत बसायची गरजच लागत नाही. वाचणारा त्याच्यासोबत वाडीत शिरतो.

हे मुलांना जमते का? जमते, फक्त त्यांच्या ओळखीची वस्तू हाताशी द्यावी लागते. ‘शेतकऱ्याचे नुकसान’ असा विषय दिला की रामू येतो. त्याऐवजी विचारावे: सोयाबीनची सुडी लावून झाली, आभाळ भरून आले आणि घरात ताडपत्री एकच आहे, तर पहिले वाक्य काय लिहाल? कोणी लिहील, ‘ताडपत्रीचं एक टोक बाबांच्या हातात होतं, दुसरं वाऱ्याच्या.’ कोणी आजीच्या तोंडी वऱ्हाडी वाक्य घालून सुरुवात करील. त्या वाक्यावर लाल रेघ मारू नये. घरची बोली पात्राच्या तोंडी आली की पात्र उभे राहते, आणि प्रमाण मराठी पुढच्या ओळीत असतेच.

या मुलखाला तर साहित्याचा मोठा वारसा आहे. शेजारचे वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. संस्कृत कवी राजशेखराने सुमारे अकराशे वर्षांपूर्वी ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न याच वत्सगुल्मात लावून दिले. रिसोडच्या मुलांना ही कथा शाळेतच कळली पाहिजे.

शाळांनी महिन्यातून एक तास फक्त सुरुवातींना द्यावा. पूर्ण गोष्ट नको, गुण नकोत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघते, त्याचे जुने अंकही ऑनलाइन मोफत वाचता येतात. शिक्षकांनी त्यातल्या पाच गोष्टींचे पहिले परिच्छेद मोठ्याने वाचावेत आणि थांबावे. पुढे ऐकायचे असेल त्याने हात वर करायचा. कोणत्या शब्दापाशी पुढचे ऐकावेसे वाटले, तेही सांगायचे. नंतर चिऊकाऊची गोष्ट प्रत्येकाने नव्याने सुरू करायची: कोणी ढग जमू लागल्यापासून, कोणी कावळा भिजून दारात उभा आहे तिथून, तर कोणी दाराच्या आतून, टकटक ऐकणाऱ्या चिमणीपासून.