औषध मारण्याआधी

डिसेंबर जवळ आला की शहरांतल्या नर्सऱ्यांमध्ये ख्रिसमस कॅक्टसच्या कुंड्या पुढच्या रांगेत येतात. चपटी, एकाला एक जोडलेली हिरवी पेरे, ती कमानीसारखी खाली झुकलेली आणि टोकाटोकाला गुलाबी, तांबडी किंवा पांढरी कळी. कुंडी घरी येते, गॅलरीत टांगली जाते आणि आठवड्याभरात कळ्या गळायला लागतात. त्याच सुमारास एखाद्या सांध्यात कापसाच्या पिंजेसारखे पांढरे काही दिसते. मग दुकानात जाऊन विचारले जाते, यावर कोणते औषध मारायचे? विचारणाऱ्याने गळणारी कळी आणि सांध्यातला कापूस यांना एकच दुखणे धरलेले असते, आणि बहुतेक वेळा ती दोन वेगळी दुखणी असतात. शिवाय ‘औषध’ या शब्दाने त्याचा हात बाटलीपर्यंत आधीच पोचलेला असतो. घरातल्या झाडांच्या बाबतीत कीटकनाशक हा अगदी शेवटचा उपाय असावा, आणि झाड नीट पाहणाऱ्या घरात त्याची वेळ सहसा येऊच नये, असे माझे ठाम मत आहे. या एका झाडावरूनही ते पटवून देता येईल.

कॅक्टस या नावाने या झाडाचे फार नुकसान केले आहे. कॅक्टस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रखरखीत ऊन आणि कोरडी माती येते. हे झाड मात्र आग्नेय ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांतले. तिथल्या दमट, सावलीच्या रानात ते झाडांच्या फांद्यांवर आणि कातळाच्या खाचांत, साचलेल्या पालापाचोळ्यावर वाढते. आपल्याकडची आमरी झाडाच्या खोडाला धरून राहते, तसेच हे. म्हणजे त्याला गाळलेले ऊन हवे, हवेत ओलावा हवा, मुळाशी हवा खेळती हवी आणि पाणी आले तरी लगेच निथळून जायला हवे. दुपारच्या उन्हात ठेवले तर पेरे लालसर पडतात. काळ्या मातीच्या घट्ट कुंडीत रोज तांब्याभर पाणी घातले तर मुळे कुजतात. मुळे कुजली की झाड पाणी ओढू शकत नाही, पेरे सुरकुततात, आणि सुरकुतलेले झाड पाहून माणूस आणखी पाणी घालतो. या फेऱ्यात झाड जाते आणि खापर किडीवर फुटते.

कळीची गोष्ट याहून नाजूक आहे. या झाडाला कळी धरायला लांब रात्र लागते. सलग बारा-चौदा तासांचा अंधार आणि थंडावा असे सहा आठवडे मिळाले की पेरांच्या टोकांवर बारीक लालसर ठिपके उठतात, त्यांच्या पुढे कळ्या होतात. ख्रिसमसशी त्याचा संबंध एवढाच की उत्तर गोलार्धात रात्री तेव्हा लांबलेल्या असतात. खुद्द ब्राझीलमध्ये ऋतू उलटे, म्हणून तिथे याच फुलाला ‘मे महिन्याचे फूल’ म्हणतात. महाराष्ट्रात सप्टेंबरअखेरीनंतर रात्र बारा तासांच्या पुढे सरकते आणि डिसेंबरात तेरा तासांच्या आसपास जाते, तेव्हा अंधार आपल्याकडे फुकट मिळतो. पण गॅलरीतला रात्रभर जळणारा दिवा तो अंधार मोडतो. पुण्या-नाशिकच्या थंड रात्री या झाडाला मानवतात, मुंबईच्या उबदार रात्रींत कळी धरणे अवघड जाते. धरलेली कळीसुद्धा जागा बदलली, माती एकदम कोरडी पडली किंवा चिखल झाली, गरम वारा लागला की गळते. पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायूही तिला सोसत नाही, म्हणून केळ्यांच्या फण्याशेजारी, आंब्या-पपईच्या टोपलीजवळ कळ्यांची कुंडी ठेवू नये. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालच्या दमट सावलीतून निघून टेम्पोतून किंवा दुचाकीवरून घरी आलेल्या झाडाने थोड्या कळ्या टाकल्या तर त्यात नवल नाही. यातल्या एकाही कारणावर बाजारात फवारायचे काही मिळत नाही. कुंडी एका जागी ठेवणे, मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागला की पाणी देणे आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकणे, एवढेच करायचे असते.

आता खऱ्या किडीकडे येऊ. सांध्यातला तो कापूस म्हणजे बहुधा पिठ्या ढेकूण. साधे भिंग घेऊन उजेडात पाहिले की कापसाखाली चपटा, लांबट, आडव्या रेघांचा मऊ जीव दिसतो, कडेने मेणाच्या बारीक झालरी. तो क्वचितच हलतो. सोंड पेरात खुपसून रस ओढत बसतो आणि चिकट गोड द्राव बाहेर टाकतो. त्या गोडीला मुंग्या येतात, द्रावावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. म्हणून कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर मुंग्यांची पावडर टाकण्याआधी त्या कुठे चालल्या आहेत ते पाहावे. मादीच्या कापशी पिशवीत शेकड्यांनी अंडी असतात, आणि अंगावरच्या मेणामुळे वरून मारलेला बराचसा फवारा ओघळून जातो. तो सांध्याच्या खाचेत पोचतच नाही. तिथे पोचते ती कापसाची काडी. मेडिकल दुकानातल्या स्पिरिटमध्ये ती बुडवून ढेकणाला लावली की मेण विरघळते आणि तो जागच्या जागी मरतो. झाडावर ओतायचे नाही, फक्त ढेकणाला टिपायचे. पाच-सहा दिवसांनी पुन्हा, मग आणखी एकदा, कारण अंड्यांतून निघालेली पिल्ले पहिल्या खेपेला सुटतात. कुंडीच्या कडेखाली आणि बुडाच्या भोकातही पाहावे.

इतर किडी तर झाडाच्या राहणीबद्दल सरळ साक्षच देतात. कुंडीला धक्का लागला की मातीतून बारीक काळी चिलटे उडतात, त्याचा अर्थ माती सतत ओली आहे. त्यांच्या अळ्या ओल्या मातीतल्या बुरशीवर आणि कोवळ्या मुळांवर जगतात. वरची दोन बोटे माती वाळू दिली की त्यांचे चक्र तुटते, पिवळा चिकट सापळा लावला की उडणारी सापडतात. पेरे फिकट, ठिपकेदार, धूळ बसल्यासारखी दिसत असतील तर पांढरा कागद खाली धरून फांदी झटकावी. कागदावरचे ठिपके चालू लागले तर तो लाल कोळी. तो कोरड्या, उष्ण हवेत वाढतो. त्याला आठ पाय असतात, तो कीटकच नव्हे, त्यामुळे कित्येक कीटकनाशके त्याचे काहीच बिघडवत नाहीत. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाच्या वापरानंतर काही झाडांवर कोळी उलट वाढल्याचे संशोधनात दिसले आहे. जी बाटली पिठ्या ढेकणासाठी आणली तीच कोळ्याला रान मोकळे करून देऊ शकते. कोळ्यावर पहिला उपाय म्हणजे झाड आडवे धरून नळाच्या धारेने दोन्ही बाजूंनी धुणे.

या जागी ‘औषध’ शब्दाबद्दल बोलायला हवे. मराठीत शेतावरही औषध मारतात, गॅलरीतही औषध मारतात. आणि खेड्यात कुणी ‘औषध प्यायला’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ती माणसे उघड्या रानात काम करत होती. आपण त्याच जातीचे रसायन दहा फुटांच्या गॅलरीत मारतो, जिथे मागे स्वयंपाकघराची खिडकी असते, दोरीवर कपडे वाळत असतात, खाली रांगणारे मूल असते आणि शेजारच्या गॅलरीत पोपटाचा पिंजरा. कीटकनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. ती खूण वाचता येणारे शहरी घर मला कमीच वाटते, आणि मोठ्या बाटलीतून काढून पाण्याच्या बाटलीत ओतून दिलेल्या ‘थोड्याशा औषधाला’ तर त्रिकोणच नसतो. कीटकनाशक विकायला १९६८ च्या कायद्यानुसार परवाना आणि लेबल लागते. बिनलेबलाची बाटली कुणी पुढे केली तर ती घेऊ नये, आणि ग्राहकांनी तसे तोंडावर सांगावे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की शेतकरी फवारतो, तेच आपण खातो, मग चार कुंड्यांचा एवढा बाऊ कशाला? पण शेतीशास्त्र शेतकऱ्याला दिसली कीड की मार फवारा, असे शिकवत नाही. कृषी विद्यापीठे आर्थिक नुकसानीची पातळी शिकवतात. म्हणजे आधी झाडे मोजा, अळ्या मोजा, सापळ्यातले पतंग मोजा, नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होणार असेल तरच फवारा. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर महाराष्ट्राने २००९ पासून क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प उभा केला. त्यात माणसे ठरल्या दिवशी शेतात जाऊन किडी मोजतात आणि त्या नोंदींवरून सल्ला दिला जातो. ज्याचे वर्षाचे पोट पिकावर आहे त्याच्याकडून आपण आधी मोजण्याची अपेक्षा ठेवतो. चार कुंड्यांच्या मालकाला तर ते पाच मिनिटांत जमते.

दुसरा आक्षेप वेळेचा. रोज भिंग घेऊन बसायला सवड कुणाला आहे? हा आक्षेप मी हलका मानत नाही. नोकरी, लोकल, मुलांच्या शाळा यांतून झाडांना उरतात ती रविवारची दहा मिनिटे. पण त्या दहा मिनिटांत पाहिले तर कीड दोन-चार सांध्यांत असतानाच सापडते. न पाहता दर पंधरवड्याला फवारणाऱ्याला वेळ तेवढाच जातो आणि कीड तरीही खाचेत राहते. नवी कुंडी आणली की तिला तीन आठवडे इतर झाडांपासून दूर ठेवावे. या एका सवयीने पुढची कितीतरी खटपट वाचते, कारण घरात पिठ्या ढेकूण बहुतेकदा नव्या झाडाबरोबरच येतो.

तिसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. रसायन नको ना, मग निंबोळी तेल, भांड्यांचा साबण, ताक, हळद, तंबाखूचे पाणी यातले काहीतरी मारा, हे तर नैसर्गिक. मला हा सल्ला पहिल्याइतकाच घाईचा वाटतो. तंबाखूच्या पाण्यातले निकोटिन हे जहाल विष आहे, ते पानातून आले म्हणून सौम्य होत नाही. भांड्यांचा साबण पेरांवरचे मेणाचे संरक्षक आवरण काढून टाकू शकतो. निंबोळी तेल खरोखर उपयोगाचे आहे, पण उन्हात मारले तर पेरे भाजतात, आणि कळ्यांवर तेलाचा थर बसला तर त्या डागाळून गळू शकतात. वापरायचेच असेल तर लेबलावरच्या प्रमाणात, संध्याकाळी, आधी एका पेरावर लावून दोन दिवस वाट पाहून, आणि कळ्या असताना नाही. फुलांचा बहर ओसरला की झाड थोडे विसावते, तो काळ अशा उपायांना बरा.

कधीकधी झाड हातचे जाते, हेही मान्य करायला हवे. बुडाशी खोड मऊ, तपकिरी झाले असेल, कुंडीतून काढल्यावर मुळांवर पांढरी पूड दिसत असेल, तर बाटल्या बदलत बसू नये. वरच्या निरोगी फांद्यांची दोन-तीन पेरांचे तुकडे सांध्याशी पिळून काढावेत, कापसाच्या काडीने सांधे तपासून घ्यावेत आणि जखम सुकायला दोन दिवस सावलीत ठेवावेत. बाकीचे झाड मातीसकट पिशवीत बांधून टाकावे, गच्चीवरच्या कंपोस्टमध्ये नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोकोपीट आणि थोडे गांडूळखत यांच्या भुसभुशीत मिश्रणात ते तुकडे पेरभर खोल खोचले की काही आठवड्यांत मुळे धरतात. नीट सांभाळलेले हे झाड कित्येक दशके टिकते, आणि अशाच तीन पेरांच्या तुकड्यांतून ते एका घरातून दुसऱ्या घरात जाते.