मैदानाची किल्ली कोणाकडे?

स्मरणिकेत खेळांविषयी लिहावयाचे म्हणजे शाळेने मिळविलेल्या ढाली, चषक आणि विभागापर्यंत मजल मारलेल्या विद्यार्थ्यांची नावे द्यावयाची, अशी रीत आहे. ती यादी या अंकात अन्यत्र येईलच. आम्ही येथे अशा एका गृहस्थांविषयी लिहीत आहोत, ज्यांचा रोहिणखेडशी किंवा बुलढाणा जिल्ह्याशी कधीही संबंध आला नाही. त्यांचे नाव जॉन मॅक्लेंडन. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत ते बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते आणि पुढे खेळाच्या समित्या, नियम, प्रवेश आणि निवड यांच्या कारभारात शिरले. वसतिगृहात वाढलेल्या आपल्यासारख्यांनी त्यांची कारकीर्द समजून घेण्यासारखी आहे, असे आमचे मत आहे. ते का, हे सांगण्यापूर्वी एक जुनी आठवण नोंदवितो.

आमच्या वेळी शाळेचा एक संघ जिल्हा स्पर्धेसाठी गेला आणि न खेळताच परत आला. मुले पहाटेच्या एस.टी.ने निघाली होती, सोबत भाकरी आणि ठेचा होता. मैदानावर पोहोचल्यावर कळले की संघाची प्रवेशिका मुदतीत दाखल झालेली नाही आणि दोघांचे जन्मतारखेचे दाखले ठरलेल्या नमुन्यात नाहीत. चूक कोणाची होती हे आज उकरून काढण्यात अर्थ नाही. त्या टेबलापलीकडे बसलेल्यांपैकी आपले कोणी नव्हते आणि टेबलाअलीकडे उभे असलेल्या आपल्यापैकी त्या कागदांची भाषा कोणास येत नव्हती, एवढे मात्र खरे. पराभूत होऊन परतलेले संघ आम्ही पुष्कळ पाहिले, त्यांचे दुःख चार दिवसांचे. न खेळता परतलेल्या त्या मुलांचे चेहरे आमच्यापैकी अनेकांना अजून आठवतात.

मॅक्लेंडन यांचा जन्म ५ एप्रिल १९१५ रोजी कॅन्सस राज्यातील हायवाथा या लहान गावी झाला. १९३३ साली ते कॅन्सस विद्यापीठात दाखल झाले. तेथे डॉ. जेम्स नेस्मिथ शिकवीत होते. याच नेस्मिथांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे, हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळता यावे म्हणून, सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून आणि तेरा नियम लिहून बास्केटबॉलचा खेळ निर्माण केला होता. गंमत अशी की कॅन्ससच्या संघाच्या इतिहासात जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने अधिक असणारा प्रशिक्षक एकच, तो म्हणजे या खेळाचा जनक. नेस्मिथही पुढे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे संचालक झाले होते. म्हणजे मैदानातून कार्यालयाकडे जाण्याचा मार्ग मॅक्लेंडन यांना गुरुगृहीच दिसला होता.

विद्यापीठाच्या संघात मात्र त्यांना स्थान नव्हते. वर्ण आड येत होता. ज्याने खेळ शोधला त्याच्याकडून खेळ शिकावयाचा आणि त्याच आवारातील संघाचा सदरा अंगावर घालावयाचा नाही, अशी ती स्थिती. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहणे आवश्यक होते, पण पोहण्याचा तलाव कृष्णवर्णीयांना बंद होता. मॅक्लेंडन पाण्यात उतरले. त्यानंतर तलावातील पाणी काढून टाकण्यात आले. हे वाचताना आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर दुसरे कोणते तळे उभे राहील, हे सांगावयास नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्यानंतर त्या तळ्याचे पंचगव्याने ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. एका देशात पाणी उपसले, दुसऱ्या देशात त्यात शेण आणि गोमूत्र ओतले. नेस्मिथ आपल्या विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि अखेरीस तो तलाव सर्वांसाठी खुला झाला. १९३६ साली मॅक्लेंडन यांनी पदवी मिळविली. शारीरिक शिक्षणाची पदवी तेथून घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होत.

पुढे आयोवा विद्यापीठातून एम.ए. होऊन ते नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम येथे, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या महाविद्यालयात रुजू झाले आणि काही वर्षांत तेथील मुख्य प्रशिक्षक बनले. त्या काळी बास्केटबॉल हा संथ खेळ होता. मॅक्लेंडन यांनी आपल्या मुलांना सबंध मैदानभर, सामन्याच्या पहिल्या मिनिटापासून अखेरच्या मिनिटापर्यंत धावावयास लावले. चेंडू हाती येताच प्रतिस्पर्धी सावरण्याच्या आत टोपलीकडे झेपावण्याची ती पद्धत ‘फास्ट ब्रेक’ म्हणून ओळखली जाते. आज दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या बास्केटबॉलचा वेग पाहून जे थक्क होतात, त्यांनी डरहॅमच्या त्या व्यायामशाळेची आठवण ठेवावी.

याच व्यायामशाळेत १२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी, एक सामना झाला. प्रतिस्पर्धी होते त्याच शहरातील ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचे श्वेतवर्णीय विद्यार्थी. अशा मिश्र सामन्यास तेथील वंशभेदी व्यवस्थेत मुळीच थारा नव्हता. गावातील मंडळी चर्चमध्ये असताना पाहुणे खेळाडू आडवाटेने, कोट डोक्यावर ओढून आले. व्यायामशाळेची दारे आतून बंद करण्यात आली. मॅक्लेंडन यांचा संघ ८८ विरुद्ध ४४ असा जिंकला. त्यानंतर घडले ते अधिक मोलाचे: दोन्ही संघांतील मुलांनी आपापसांत सरमिसळ करून दुसरा सामना खेळला. ही हकिगत जवळजवळ अर्धशतक छापून आली नाही. बंद दाराआड मिळालेला हा विजय कोणत्याही तक्त्यात नोंदला गेला नाही, कोणास पुढील फेरीत घेऊन गेला नाही. मॅक्लेंडन यांच्या पुढील सर्व खटाटोपाचे मूळ आम्हांस येथे दिसते. आपला संघ उत्तम आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते, पण ते जगासमोर सिद्ध करण्याच्या स्पर्धेत शिरण्याची वाट दुसऱ्यांच्या हाती होती.

ती वाट मैदानावर मोकळी होणारी नव्हती. १९४६ साली कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या संघटनेची स्वतंत्र बास्केटबॉल स्पर्धा सुरू झाली, तिच्या उभारणीत मॅक्लेंडन अग्रभागी होते. आधी आपले घर बांधले. मग राष्ट्रीय स्पर्धांच्या दारावर थाप मारली. सहकाऱ्यांची समिती स्थापन करून त्यांनी राष्ट्रीय संघटनांपुढे सतत मागणी लावून धरली. दिवसभर मुलांना धावावयास शिकवावयाचे आणि त्याखेरीज अर्ज, पत्रे आणि बैठका सांभाळावयाच्या, असे ते दुहेरी काम होते. अखेर १९५३ साली एका राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीय महाविद्यालयांना पात्रतेचा मार्ग मोकळा केला. १९५४ मध्ये मॅक्लेंडन टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील महाविद्यालयात आले. त्याच वर्षी कॅन्सस सिटी येथील एका स्पर्धेचे निमंत्रण आले, तेव्हा त्यांनी अट घातली की आमची मुले इतर संघांप्रमाणेच शहरातील हॉटेलात उतरतील. अट मान्य झाली. त्यानंतर १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे त्यांच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. लोक ही तीन अजिंक्यपदे मोजतात. आम्ही त्याआधीची हॉटेलाची अट मोजू इच्छितो, कारण मुलांनी कोठे निजावे आणि कोणाच्या पंक्तीस जेवावे, हा प्रश्न सोडविल्याखेरीज संघ मैदानावर ताठ मानेने उतरत नाही.

पुढील वर्षांचा वृत्तान्त सरळ चढत्या रेषेचा नाही, आणि तो तसा रंगवू नये. १९६१ साली ते एका व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक झाले, पण हंगाम संपण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला. १९६६ साली क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने त्यांना नेमले. प्रामुख्याने श्वेतवर्णीय असलेल्या विद्यापीठाने कृष्णवर्णीय प्रशिक्षक नेमण्याचा तो पहिला प्रसंग. तेथे तीन हंगामांत विजयांपेक्षा पराजयच अधिक झाले. १९६९ साली डेन्व्हरच्या व्यावसायिक संघाने त्यांना अवघ्या २८ सामन्यांनंतर दूर केले. प्रशिक्षकाची खुर्ची अशीच असते, चार सामने हरताच ती खालून ओढली जाते. परंतु याच काळात, १९६६ मध्ये, ते अमेरिकेच्या ऑलिम्पिक बास्केटबॉल समितीवर आले आणि १९६८ व १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी संघाच्या प्रशिक्षक मंडळातही होते. पुढे अनेक वर्षे त्यांनी खेळाचे बूट बनविणाऱ्या कंपनीसाठी काम केले. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ते क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठातच क्रीडा सल्लागार म्हणून परतले आणि अल्पसंख्याकांनी खेळांच्या जडणघडणीत केलेल्या कार्याचा इतिहास विद्यार्थ्यांना शिकवीत राहिले. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी त्यांचे निधन झाले.

बास्केटबॉलच्या मानवंदना दालनात त्यांची निवड प्रथम १९७९ साली झाली, ती खेळास योगदान देणारे म्हणून. प्रशिक्षक म्हणून त्यांचा तेथे समावेश होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. आणि १९९९ मध्ये त्यांच्या नावे जी शिष्यवृत्ती सुरू झाली, ती खेळाडूंसाठी नाही. क्रीडा प्रशासनाचे उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या अल्पसंख्याक समाजांतील विद्यार्थ्यांसाठी ती आहे. ज्यांनी ती सुरू केली त्यांना मॅक्लेंडन नेमके कळले होते.

आपल्याकडे या दृष्टीने पाहू गेल्यास प्रथम आठवतात ते पळवणकर बंधू. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पळवणकर हे त्यांच्या काळातील श्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानावर त्यांच्या चेंडूचा स्पर्श सर्वांस चालत असे, चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या पात्रात. हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे पूर्णार्थाने कधी आले नाही. १९२३ साली ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. बाळूंच्या गोलंदाजीत काही उणे होते म्हणून असे झाले काय? कर्णधार मैदानावर निवडला जात नसतो. तो खोलीत बसून निवडला जातो, आणि त्या खोलीत बाळूंचे कोणी नव्हते.

बाबासाहेब मोक्याच्या जागांविषयी सांगत असत. आपण तो विचार महसूल, पोलीस, न्यायालय आणि विद्यापीठ यांच्या संदर्भात पुष्कळ ऐकला आणि काही अंशी आचरणातही आणला. या शाळेतून बाहेर पडलेली मुले आज शिक्षक आहेत, तलाठी आहेत, अभियंते आहेत. खेळाचे क्षेत्र मात्र आपण घाम गाळण्याचे क्षेत्र मानले, कारभाराचे नव्हे. वास्तविक त्या जागा दूर नाहीत. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचे पद असते. जिल्ह्याला क्रीडा अधिकारी असतो. प्रत्येक खेळाची जिल्हा संघटना असते, तिचे सचिव, पंच, निवड समितीचे सदस्य असतात. त्यासाठी लागणारे शिक्षण आपल्या विभागातच मिळते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून या कामी उभे आहे. तरीही दहावीनंतर बी.पी.एड.चा विचार सुचविला की पालक म्हणतात, पोराला जन्मभर शिट्टी वाजवायला लावता काय? आम्ही त्यांना दोष देत नाही. कापूस आणि सोयाबीनच्या भावावर ज्यांचे वर्ष ठरते, त्यांनी मुलासाठी पक्क्या पगाराची वाट शोधावी हे स्वाभाविक आहे. फक्त शिट्टी हे अधिकाराचेही साधन आहे, एवढे त्यांनी ध्यानी घ्यावे.

आमच्यातीलच काहींचा आक्षेप असा की आधी मुलांना नीट खेळू द्या, कारभाराचे पुढे पाहू. मॅक्लेंडन यांचे उदाहरण याविरुद्ध जाते. त्यांनी उत्तम संघ तयार होण्याची वाट पाहत समितीचे काम थांबविले नाही. संघ उत्तमच होता, अडले होते ते दारापाशी. शिवाय प्रत्येक मूल खेळाडू होणार नाही. वर्गातील जो मुलगा धावण्यात मागे पडतो पण गुणफलक अचूक लिहितो, जी मुलगी वादाच्या प्रसंगी नियमांचे पुस्तक उघडून दाखविते, त्यांच्यासाठीही खेळात जागा आहे हे त्यांना कोणी सांगावे? मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच निकडीचे. त्यांचा खेळ नववी-दहावीत सुटतो आणि मग मैदानाशी असलेले नाते केवळ प्रेक्षकाचे उरते. पंचाची परीक्षा दिलेली एक माजी विद्यार्थिनी वर्षातून चार वेळा शाळेत आली, तरी पुष्कळ फरक पडेल.

माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून काय उभारावे, याची चर्चा सध्या चालू आहे. प्रवेशद्वाराची कमान व्हावी, असे बहुतेकांचे मत दिसते. कमानीस आमचा विरोध नाही, पण तिचा क्रम दुसरा असावा. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते, टोपलीची कडी जमिनीपासून ३.०५ मीटर उंच. वसतिगृहामागील मोकळी जागा आम्ही गेल्या भेटीत पावलांनी मोजली. बाभळीचे झुडूप काढले आणि वाळत घालण्याच्या कपड्यांची तार थोडी सरकविली, तर मैदान तेथे बसते. त्याच्या जोडीला दरवर्षी एका विद्यार्थ्याच्या किंवा विद्यार्थिनीच्या बी.पी.एड.चे शुल्क या निधीतून भरावे आणि जून महिन्यात सर्व स्पर्धांच्या प्रवेशिका, दाखले व मुदती पाहण्याचे काम माजी विद्यार्थ्यांपैकी दोघांनी अंगावर घ्यावे, असा आमचा प्रस्ताव आहे. त्या दोघांपैकी एक नाव आम्ही आजच देतो: न खेळता परतलेल्या त्या संघातील एक जण आता निवृत्तीस आला आहे, आणि कागद पाहण्याची त्याची तयारी आहे.