दुकान दारात आले, पावतीचे काय?

खरीप तोंडावर आला की तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रापुढे रांग लागते. ती आजही लागते. पण रांगेतले काही जण आता वस्तीवर बसूनच खरेदी करू लागले आहेत. ताडपत्री, फवारणी पंप, ठिबकचे सुटे भाग, भाजीपाल्याचे बियाणे, इतकेच काय, औषधेसुद्धा मोबाईलवर मागवता येतात. ॲमेझॉनचे ॲप २०२१ पासून मराठीत आहे. टाइप करायला जमत नसेल तर बोलून वस्तू शोधता येते. पैसे २०१६ साली आलेल्या यूपीआयने बसल्या जागी जातात. आता तर टपाल खात्याने २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला आहे. चार बाय चार मीटर जागेला दहा अक्षरांची खूण! म्हणजे ‘मारुतीच्या देवळामागची वस्ती’ हा पत्ताही उद्या सापडेल.

या सोयीला नाके मुरडण्याचे कारण नाही. ऐन हंगामात युरिया हवा तर सोबत नको असलेले दुसरे काही घ्या, हा ‘लिंकिंग’चा जाच शेतकऱ्याने पुष्कळ सोसला आहे. चार ठिकाणचे भाव घरबसल्या ताडून पाहता आले तर त्यात शेतकऱ्याचाच फायदा आहे.

पण सगळ्या वस्तू एका मापाने मोजता येत नाहीत. पंप बिघडला तर परत पाठवता येतो. बियाणे उगवले नाही तर हंगाम परत येत नाही.

शिवाय दिसते तसे नसते. मोबाईलवर निळ्या स्ट्रॉबेरीच्या बियांची जाहिरात झळकते. निळी स्ट्रॉबेरी जगात कुठेच पिकत नाही. असली चित्रे आता संगणक मिनिटात काढून देतो. ‘त्वरा करा, दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई करण्यास केंद्राने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. तरी असे काही दिसले की आधी हात आखडता घ्यावा.

कायदा शेतकऱ्याच्या बाजूने नाही असे नाही. बियाणे विकायला परवाना लागतो आणि विक्रेत्याने पावती दिलीच पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने परवानाधारकांना कीटकनाशके ऑनलाइन विकायची मुभा दिली, तेव्हा विक्रेत्याचा परवाना तपासण्याची जबाबदारी ॲप चालवणाऱ्या कंपनीवर टाकली. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात स्पष्ट केले. विक्रेता दिल्लीचा असो की बंगळूरचा, दावा आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात लावता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पडत नाही.

मग अडते कुठे? अडते पुराव्यापाशी. बियाणे उगवले नाही म्हणून अर्ज केला, की तालुक्याची तक्रार निवारण समिती बांधावर येते आणि पहिला प्रश्न विचारते, ‘पावती कुठाय?’ ॲपवरची पावती मोबाईलबरोबर हरवते, पिशवी चुलीत जाते. मग पंचनामा कशाच्या जोरावर व्हायचा? म्हणून पार्सल हातात पडले की पावतीचा कागद काढून घ्यावा. त्यावर विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि लॉट नंबर आहे का, ते पाहावे. टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणे पीक घरात येईपर्यंत जपावे. विक्रेत्याचा परवाना क्रमांक सापडत नसेल तर बियाणे नि औषध घेऊच नये. मग ते कितीही स्वस्त असो. आणि पैसे परत मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या पोराथोरांनाही सांगून ठेवावे. फसवणूक झालीच तर तडक १९३० ला फोन करावा. मालाची तक्रार असेल तर १९१५ ला.

आता थोडे अधिकारी मंडळींसाठी. गुणनियंत्रण निरीक्षक दुकानात जाऊन नमुना काढतो. पार्सल मात्र दुकान चुकवून थेट वस्तीवर उतरते. तेव्हा निरीक्षकांनी ॲपवरून माल मागवून त्याचेही नमुने तपासायला हवेत. केंद्राने २०२३ मध्ये ‘साथी’ पोर्टल काढले; पिशवीवरचा क्यूआर कोड पाहिला की बियाणे कुठून आले याचा माग लागावा, हा त्याचा हेतू. तो कोड कसा वाचायचा हे पेरणीपूर्व मेळाव्यात दाखवायला कितीसा वेळ लागतो? ग्रामपंचायतीनेही एक साधी वही ठेवावी. कोणी, कोणते वाण, कुणाकडून, कोणत्या लॉटचे मागवले एवढी नोंद पुरे. एकाच लॉटची दहा शेते नापास झाली तर दहा जण एकेकटे हिंडणार नाहीत, गाव मिळून तक्रार करील.

बैल गेल्यावर झोपा करून उपयोग नाही. नोंदीची वही पेरणीआधी उघडायची, पावती पेरणीआधी जपायची. नवे दुकान दारात आले आहे, त्याला ‘या’ म्हणू. पण परवाना आणि पावती दाखवल्याशिवाय त्याला बांधावर येऊ देऊ नये.