साधनाचें लक्षण

घरांतील घोटाळे चव्हाट्यावर मांडूं नयेत, असें आमच्या पिढीचें वळण. तरीही २०२५ च्या श्रावणांत आमचे घरीं घडलेली हकीकत आज लिहीत आहें; कारण ज्या विषयावर घरोघरचीं तरुण मुलें हल्लीं बोलतात, तो मला त्या घोटाळ्यानेंच समजला.

माझे वडील बंधू २०२४ सालीं श्रावण वद्य पंचमीस गेले. वर्षश्राद्धाचे निरोप पाठविण्याचें काम नातवानें आपल्या संगणकावरील एजंटाकडे सोंपविलें. एजंट म्हणजे भाषा जाणणारी कृत्रिम बुद्धि. मात्र ती नुसती बोलत नाहीं, हातीं दिलेलीं साधनें वापरून कामेंही उरकते. या साधनांस संगणकवाले टूल म्हणतात. घरीं आम्हीं भटजींस तिथि सांगितली होती; श्राद्ध यथाकाल झालें. परंतु नागपूरची धाकटी बहीण आली नाहीं. गुडघ्यांमुळें आली नसेल, असें आम्ही धरून चाललों. दहा दिवसांनीं ती दादांस आवडणारी संत्र्याची बर्फी घेऊन दारांत उतरली. रागावली नाहीं, दादांच्या तसबिरीपुढें बराच वेळ नुसती बसून राहिली. तिला गेलेल्या निरोपांत तिथीऐवजीं मृत्यूची इंग्रजी तारीख होती.

नातू म्हणाला, "आजोबा, यंत्र चुकलें."

मीं म्हटलें, "बाळ, त्याला तूं काय लिहून दिलें होतेंस, तें आधीं दाखीव."

त्यानें दाखविलें. एजंटास साधनाचें अंतरंग दिसत नाहीं. त्याला दिसतें तें साधनाचें नांव, दोन ओळींचें वर्णन आणि कोणती माहिती पुरवावी याची यादी. तेवढ्यावरून त्यानें निवड करावयाची. येथें साधनें दोन होतीं: एक तारखेवरून स्मृतिदिन सांगणारें, दुसरें तिथीवरून श्राद्धाचा दिवस काढणारें, आणि दोहोंपुढें एकच ओळ होती, 'दिवंगत व्यक्तीचा वार्षिक दिवस सांगतें.' बिचाऱ्यानें पहिलें उचललें. नवा नोकर तरी दुसरें काय करता?

अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनीं घोकला आहे त्यांस हा दोष ओळखीचा वाटेल. शिंगें असलेली ती गाय, असें लक्षण केलें तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ति. कपिल वर्णाची ती गाय म्हटलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. आणि एका खुराची ती गाय म्हटलें तर एकही गाय सांपडत नाहीं, हा असंभव. नातवाचीं सर्व साधनें आम्हीं या कसोटीस लाविलीं आणि तिन्ही दोष निघाले. त्याचें एक साधन हवी ती तिथि काढून देई, पण वर्णनांत 'एकादशी सांगतें' एवढेंच. म्हणून संकष्टी विचारली कीं एजंट हात जोडी. दुसऱ्यावर लिहिलें होतें 'निरोप पोंचल्याचें कळवितें'. प्रत्यक्षांत तें निरोप निघाल्याचेंच कळवीत असे!

मग आजानातू लिहावयास बसलों. श्राद्धाच्या साधनाचें नवें वर्णन असें झालें: 'मृत्यूचा मास, पक्ष व तिथि घेऊन, मागितलेल्या वर्षीं त्या तिथीस येणारी इंग्रजी तारीख देतें. श्राद्धासाठीं हेंच वापरावें. वाढदिवसासाठीं वापरूं नये. मास अमान्त धरावा. तिथि ठाऊक नसल्यास तर्क करूं नये, घरच्यांस विचारावें.' अमान्ताची सूचना माझी. आपला श्रावण वद्य उत्तरेकडील पूर्णिमान्त गणनेंत भाद्रपद कृष्ण होतो. तें न सांगितल्यास अख्ख्या महिन्याची चूक व्हावयाची. तारखेचेंही तसेंच. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल, अमेरिकेंत चार मार्च. म्हणून आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस, असें स्पष्ट सांगितलें.

वर्णन लांबलें, अशी नातवाची कुरकुर होती. सूत्रकारांस लाघवाची हौस होती खरी, पण त्यांच्या सूत्रांवर भाष्यें लिहावीं लागलीं! येथें भाष्यकार कोठून आणावा? मात्र फापटपसाराही नको. वर्णनें फार वाढलीं तर एजंटाचें अवधान विभागतें, असें नातू सांगतो, आणि तें मला पटतें. शिवाय २०२४ च्या नोव्हेंबरांत ॲन्थ्रॉपिक कंपनीनें साधनें जोडण्याची एक सामाईक रीत प्रसिद्ध केली. तीमुळें एकानें लिहिलेलें साधन भलत्याचाच एजंट वापरूं शकतो. लिहिणाऱ्याची आणि वापरणाऱ्याची गांठ पडण्याचा संभवच नाहीं. शंका विचारणार कोणास?

शेवटीं परीक्षा घेतली. २०२६ सालीं ज्येष्ठ अधिक येत असल्यामुळें दादांची तिथि तारखेच्या मागाहून पडते. एजंटास साधाच प्रश्न केला, "दादांचें श्राद्ध २०२६ मध्यें कोणत्या दिवशीं?" त्यानें दुसरें साधन घेतलें आणि दिवस सांगितला. मीं तो पंचांगांत ताडून पाहिला, जुळला. नातू निरोप धाडावयास निघाला तेव्हां मीं त्याला म्हटलें, "बाकीच्यांस खुशाल धाड. नागपूरला मी स्वतः टेलिफोन करतों."