मेहरूणची बोरे, सेतोची भांडी आणि सावळद्याची खापरे #थ्रेड 🧵

१/ जळगावच्या बाजारात 'मेहरूणची बोरे' असा पुकारा झाला, की अधिक काही सांगावे लागत नाही. गावाचे नाव वस्तूला कायमचे लागणे, यापरता त्या गावाचा दुसरा सन्मान नाही. खानदेशातील आणखी एका गावाला तो लाभला आहे. खुद्द खानदेशात मात्र त्याची फारशी वार्ता नाही.

२/ आधी जपानकडे पाहू. नागोयाजवळच्या सेतो या शहरात मध्ययुगापासून कुंभारांच्या भट्ट्या पेटत आल्या. तेथील भांडी इतकी दूरवर गेली, की 'सेतोमोनो', म्हणजे 'सेतोची वस्तू', हा जपानी भाषेत भाजलेल्या भांड्यांसाठी सर्वसाधारण शब्द झाला. पश्चिम जपानात तोच मान कारात्सु या गावाला मिळाला. तेथे 'कारात्सुमोनो' म्हणत.

३/ आता तापीकाठी येऊ. सावळदा हे येथील एक गाव. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, ताम्रपाषाण युगातील एका विशिष्ट मृद्भांड्याला पुरातत्त्वज्ञांनी याच गावाचे नाव दिले. भारतीय पुरातत्त्वाच्या ग्रंथांत 'सावळदा संस्कृती' हा शब्द आज रूढ आहे.

४/ ही भांडी संथ चाकावर घडवलेली, जाड लेपाची. त्यांवर रंगवलेली नक्षी विशेष बोलकी आहे: बाणांची टोके, मासेमारीचे गळ, प्राणी आणि भौमितिक आकृत्या. नदीकाठच्या माणसाचे रोजचे जगणेच जणू त्याच्या रांजणावर उतरले.

५/ या संस्कृतीचा विस्तारही लहान नाही. धुळे जिल्ह्यातील कवठे येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा या लोकांची खड्ड्यांत बांधलेली घरे उजेडात आली. प्रवरेकाठच्या दायमाबादचे कांस्यशिल्प सर्वांना ठाऊक असते. पण त्या दायमाबादची सर्वांत जुनी वस्ती सावळदा संस्कृतीचीच आहे, हे क्वचितच सांगितले जाते.

६/ येथे एक आक्षेप रास्त ठरेल. सेतोची भट्टी विझली नाही, सावळद्याची परंपरा मात्र खंडित झाली. मग तुलना कशी? खरे आहे. सेतोचे नाव वापराने टिकले, मेहरूणचे चवीने. सावळद्याजवळ यांपैकी काहीच नाही. म्हणूनच त्याचे नाव जपण्याचे काम शाळेला, संग्रहालयाला आणि गावालाच करावे लागेल.

७/ हा केवळ अभिमानाचा प्रश्न नव्हे. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे 'पांढरी' म्हणतात. ही माती घरांसाठी, शेतांसाठी उपसली जाते आणि तिच्याबरोबर खापरांचे थरही जातात. खापर कोणत्या थरात सापडले, यावरूनच त्याचा काळ ठरतो. थर मोडला, की उरतो तो निव्वळ तुकडा. हौसेने खापर उचलून घरी नेणाऱ्यानेही नकळत तेच केलेले असते. ते जागीच ठेवून छायाचित्र घ्यावे, ठिकाण नोंदवावे व पुरातत्त्व विभागाला कळवावे.

८/ खानदेशचा इतिहास सांगताना आरंभ बहुधा चौदाव्या शतकातील फारुकी राजवटीपासून होतो. तो त्याच्या तीन हजार वर्षे आधी, एका कुंभाराच्या चाकापासून व्हायला हवा. मेहरूणच्या मुलाला बोराइतकेच सावळद्याचे खापरही आपले वाटले, तर पांढरी राखायला वेगळा पहारेकरी लागणार नाही.